उपाशी उंदराचं यकृत: पीपार-अल्फा नसेल तर चोवीस तासांत काय घडतं

दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हींत नर उंदीर, वय आठ ते बारा आठवडे, वजनं जवळपास सारखी, खाद्य तेच. एका पिंजऱ्यातल्या उंदरांचं फक्त एक जनुक निकामी केलेलं आहे. पुढ्यात खाद्य आहे तोवर कुठला पिंजरा कुणाचा हे नुसतं बघून सांगता येत नाही. मग दोन्हींतलं खाद्य काढून घेतलं, पाणी तेवढं ठेवलं. चोवीस तासांनी पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर भुकेले आहेत, पण हिंडतफिरत आहेत. दुसऱ्या पिंजऱ्यातले कोपऱ्यात गोळा होऊन बसलेत. हाताला गार लागतात, रक्तातली साखर कोसळलेली आहे, आणि पोट उघडून पाहिलं तर यकृत फिकट पिवळट.

निकामी केलेलं जनुक पीपार-अल्फाचं. हा एक न्यूक्लिअर रिसेप्टर, म्हणजे केंद्रकात बसून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. हे प्रकरण त्या चोवीस तासांचं आहे. मेदाम्लांचं (चरबी फोडल्यावर सुटणाऱ्या आम्लांचं) चयापचय न्यूक्लिअर रिसेप्टर कसं चालवतात हे समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडणं कठीण, कारण इथे एकच वस्तू काढली आहे आणि काय काय कोलमडतं ते तासागणिक मोजता येतं.

रक्ताचा तपास काय सांगतो

चार आकडे शेजारी मांडायचे: ग्लुकोज, मुक्त मेदाम्ले, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (यकृत उपासात मेदाम्लांपासून बनवून इतर अवयवांना पुरवतं त्या कीटोन इंधनांतलं मुख्य) आणि शरीराचं तापमान. धडधाकट उंदरात चोवीस तासांच्या उपासानंतर ग्लुकोज उतरतं पण एका पातळीवर टिकतं, मुक्त मेदाम्ले वाढतात आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट एक-दोन मिलीमोलच्या घरात जातं. पीपार-अल्फा नसलेल्या उंदरात ग्लुकोज फार खाली, तापमान खाली, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट जेमतेम हललेलं. आणि मुक्त मेदाम्ले? ती मात्र धडधाकट उंदरापेक्षाही जास्त.

खरी खूण या शेवटच्या आकड्यात आहे. चरबीच्या पेशींनी आपलं काम चोख केलंय, साठा फोडून मेदाम्ले रक्तात सोडली आहेत. चुलीशेजारी सरपणाची रास पडली आहे आणि चूल मात्र विझलेली आहे. बिघाड पुरवठ्यात नाही, जाळण्यात आहे, आणि तोही मुख्यतः यकृतात.

हा निकाल १९९९ साली दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला: स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या वाली गटाकडून केर्स्टन आणि सहकाऱ्यांनी, आणि अमेरिकेत सेंट लुइसला केली यांच्या गटातल्या लिओन आणि सहकाऱ्यांनी. उंदीर त्याआधीच तयार होता. बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्रँक गोन्झालेझ यांच्या गटाने तो १९९५ मध्ये बनवला होता, आणि तेव्हा त्यात फारसं काही सापडलं नव्हतं. उंदीर जगत होता, वाढत होता, त्याला पिल्लं होत होती. क्लोफायब्रेट किंवा डब्ल्यूवाय-१४,६४३ हे औषध दोन आठवडे खाद्यातून दिलं की सामान्य उंदराचं यकृत मोठं होतं आणि त्यात पेरॉक्सिझोम नावाच्या कणिका भराभर वाढतात. या उंदरात ते झालं नाही, एवढाच ठळक फरक. रिसेप्टरचं नावही त्याच गुणावरून पडलेलं आहे: पेरॉक्सिझोम प्रॉलिफरेटर-ॲक्टिवेटेड रिसेप्टर, थोडक्यात पीपार. इस्सेमान आणि ग्रीन यांनी १९९० मध्ये त्याचं जनुक शोधलं ते पेरॉक्सिझोम वाढवणारी रसायनं नेमकी कुठे चिकटतात या प्रश्नाच्या मागावर असताना. अशा रसायनांचा पाठपुरावा शिकागोत जनार्दन रेड्डी यांच्या गटाने त्याच्याही कितीतरी आधीपासून चालवला होता.

म्हणजे चार वर्षं हा उंदीर प्रयोगशाळांत होता आणि त्याचा उपासातला दोष कुणाच्या नजरेत भरला नव्हता. पोटभर खाणाऱ्या प्राण्यात तो दिसणारच नव्हता. ही गोष्ट पुढे औषधांकडे वळल्यावरही लक्षात ठेवावी लागेल.

धडधाकट उंदरात क्रम कसा असतो

उंदराचा चोवीस तासांचा उपास म्हणजे माणसाचा एक दिवसाचा उपास नव्हे. ग्रॅममागे त्याचा ऊर्जाखर्च माणसाच्या कितीतरी पट असतो. चोवीस तासांत तो वजनाचा सुमारे सातवा हिस्सा गमावतो. यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, एका रात्रीत जवळपास संपतं. त्यामुळे उंदराचे चोवीस तास माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या कडक उपासाजवळ जातात.

खाणं थांबलं की इन्शुलिन उतरतं, ग्लुकागॉन चढतं. चरबीच्या पेशींत लायपेझ एन्झाइमं साठवणीची चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फोडतात. सुटलेली मेदाम्ले अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर बसून यकृताकडे येतात. यकृतात त्यांच्यासाठी दोन वेगळ्या पातळ्यांवर तयारी होते, आणि या दोन पातळ्यांची गल्लत बऱ्याच पाठ्यपुस्तकी आकृत्यांतही दिसते.

पहिली पातळी मिनिटांची. जेवलेल्या यकृतात मॅलोनिल-कोए (नवीन मेदाम्ल बनवण्याच्या वाटेवरचा रेणू) भरपूर असतं आणि ते सीपीटी-१ हे मायटोकाँड्रियाचं दार बंद ठेवतं. उपासात मॅलोनिल-कोए घटतं आणि दार उघडतं. ही नळाची तोटी. यात न्यूक्लिअर रिसेप्टरचा हात लागत नाही.

दुसरी पातळी तासांची. तोटी उघडली तरी नळाचा घेर मोठा नसेल तर पाणी तुंबतं. मेदाम्लं आत घेणारी, वाहून नेणारी, सक्रिय करणारी, दोन-दोन कार्बनांनी कापणारी आणि शेवटी कीटोन बनवणारी प्रथिनं मुळात पुरेशी हवीत. त्यासाठी त्यांची जनुकं एकदम, एका सुरात, वर चढली पाहिजेत. हे काम पीपार-अल्फाचं.

तो करतो कसा? न्यूक्लिअर रिसेप्टर हे पेशीच्या केंद्रकात बसणारं असं प्रथिन आहे, की ज्याच्या एका भागात चरबीसारखा रेणू बसायला खोबण असते आणि दुसऱ्या भागाने ते डीएनएला धरतं. माणसात अशी ४८ प्रथिनं आहेत. पीपार-अल्फा एकट्याने डीएनए धरत नाही. आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवून तो एका ठरावीक अक्षरमालेवर बसतो: ए-जी-जी-टी-सी-ए, मध्ये एक अक्षर सोडून पुन्हा ए-जी-जी-टी-सी-ए. खोबण रिकामी असताना या जोडीला एनकॉरसारखी दाबून धरणारी प्रथिनं चिकटून असतात. मेदाम्ल आत बसलं की रिसेप्टरच्या टोकाचा एक वळणदार तुकडा खोबणीवर झाकणासारखा मिटतो, एनकॉर सुटतं, आणि सीबीपी, पी-३००, पीजीसी-१-अल्फा असे मदतनीस त्या पृष्ठभागावर येऊन बसतात. ते आले की डीएनएची गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचलं जायला लागतं.

पीपार-अल्फाची खोबण प्रशस्त आहे. इस्ट्रोजेनचा किंवा थायरॉइडचा रिसेप्टर आपल्या हॉर्मोनसाठी जसा बेतून शिवलेला असतो तसं इथे नाही. वेगवेगळ्या लांबीची, वेगवेगळ्या दुहेरी बंधांची मेदाम्लं त्यात बसतात, पकड सैल असते, आणि म्हणून परिणाम दिसायला त्यांचं प्रमाणही बरंच लागतं. एखाद्या नेमक्या संदेशाची वाट बघण्याऐवजी हा रिसेप्टर माल किती आलाय याचा अंदाज घेत राहतो.

एनकॉरचीही स्वतंत्र सोय आहे. जेवलेल्या अवस्थेत चालू असणारी एमटॉर-सी-१ ही पेशीला अन्न मिळतंय हे ओळखणारी यंत्रणा एनकॉरला केंद्रकात ठेवून पीपार-अल्फावर दाब कायम राखते, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे खोबणीत मेदाम्ल बसलं आणि त्याच वेळी इन्शुलिनही जोरात असलं, तर रिसेप्टर पूर्ण ताकदीने चालत नाही. भूक आणि माल, दोन्ही लागतात.

नेमकं कुठे अडतं

पीपार-अल्फा नसलेल्या यकृतात जनुकांची मोजणी केली तर सरसकट सगळं बंद पडलेलं दिसत नाही. सीपीटी-१ चं जनुक उपासात बऱ्यापैकी चढतं, कारण त्याला ग्लुकागॉनकडून आणि पीजीसी-१-अल्फाकडून वेगळी वाट आहे. ले मे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला आणि बोट ठेवलं ते एचएमजीसीएस-२ वर. मायटोकाँड्रियातलं हे एन्झाइम कीटोन बनवण्याच्या वाटेवरचं अरुंद गेट आहे. धडधाकट उंदरात उपासात ते उसळी मारतं, इथे ते जागचं हलत नाही.

एकच गेट बंद राहिल्याने मागे काय तुंबतं ते पाहू. मेदाम्ल मायटोकाँड्रियात शिरतं, कापलं जातं, दोन कार्बनांचं ॲसिटिल-कोए तयार होतं. यकृत आपल्या क्रेब्स चक्रात (पेशीच्या ऊर्जा काढण्याच्या चक्रात) ते सगळं जाळू शकत नाही, तेवढी ऊर्जा त्याला लागतच नाही. म्हणून उरलेलं कीटोन करून रक्तात सोडणं हीच सुटकेची वाट. ती बंद असेल तर ॲसिटिल-कोए साचतं, मोकळं कोएन्झाइम-ए कमी पडतं, आणि कापण्याचं काम मागच्या मागे मंदावतं. तरी दारात मेदाम्लं येतच राहतात. त्यांना मुक्त ठेवणं पेशीला विषारी, म्हणून ती पुन्हा ग्लिसरॉलला जोडून ट्रायग्लिसराइडचे थेंब केले जातात. यकृत पिवळट दिसतं ते या थेंबांमुळे.

संकटकाळी वापरायच्या आडवाटाही इथे बंद आहेत. सायप-४ए-१० आणि सायप-४ए-१४ ही एन्झाइमं मेदाम्लाच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन लावून त्याला पेरॉक्सिझोमच्या वाटेने पाठवतात, आणि तिथे एकॉक्स-१ त्याला आखूड करतं. धडधाकट यकृतात मुख्य वाट भरली की ही वाट कामाला येते. या उंदरात सायप-४ए जनुकं उपासातही झोपलेलीच राहतात.

मग साखर का कोसळते? साखर आणि मेदाम्लांचा संबंध पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो, पण तो फार घट्ट आहे. यकृतात नवीन ग्लुकोज बनवायला ऊर्जा लागते, आणि उपासात ती मेदाम्लं जाळूनच येते. शिवाय पायरुव्हेट कार्बॉक्सिलेझ हे ग्लुकोजनिर्मितीचं पहिलं एन्झाइम ॲसिटिल-कोएच्या हुकमावर चालतं. दुसरी बाजू खर्चाची. मेंदू, हृदय, स्नायू उपासात कीटोन वापरून ग्लुकोज वाचवतात. कीटोनच नसतील तर सगळ्यांची धाड ग्लुकोजवर पडते. त्यात पीडीके-४ हे ग्लुकोज जाळण्याला लगाम घालणारं एन्झाइमही पीपार-अल्फाच्या अखत्यारीत आहे. या उंदरात ग्लुकोजनिर्मितीचा वेग मोजणाऱ्या काही अभ्यासांत निर्मिती फारशी घटलेली दिसली नाही, खर्च वाढलेला दिसला. आमच्या मते साखर कोसळण्याचा मोठा वाटा खर्चाच्या बाजूलाच आहे. केवळ ‘यकृताला साखर बनवता येत नाही’ असं लिहून मोकळं होणं अपुरं ठरतं.

गारव्याचंही तसंच. उंदीर उपासात मुद्दाम थंड होऊ शकतो, त्या सुप्तावस्थेला टॉर्पर म्हणतात. यकृतातून निघणारं एफजीएफ-२१ हे हॉर्मोन वाढवलेले उंदीर टॉर्परमध्ये सहज जातात. २००७ मध्ये बोस्टन आणि डॅलसच्या दोन गटांनी दाखवलं की उपासात एफजीएफ-२१ वर चढवतो तो पीपार-अल्फाच. म्हणजे पीपार-अल्फा नसलेल्या उंदरात एफजीएफ-२१ ही कमी आहे, आणि तरी तो थंड पडतो. एफजीएफ-२१ वाढवलेला उंदीर ऊर्जा वाचवायला थंड होतो, पीपार-अल्फा नसलेला ऊब टिकवताच येत नाही म्हणून. थर्मामीटरवरचा आकडा एक, अर्थ दोन.

यकृतापुरतंच पीपार-अल्फा काढलेला उंदीर फ्रान्समधल्या तूलूझच्या गटाने २०१६ मध्ये मांडला. त्यात उपासात यकृतात चरबी साचली, पण साखर आणि तापमान पूर्ण निकामी उंदराइतकं घसरलं नाही. म्हणून सुरुवातीला ‘मुख्यतः यकृतात’ असं लिहिलं, ‘फक्त यकृतात’ असं नाही. स्नायू, हृदय, तपकिरी चरबी यांतल्या पीपार-अल्फाचाही वाटा आहे.

दार बाहेरून बंद केलं तर

१९९८ चा एक प्रयोग या प्रकरणाची दुसरी बाजू दाखवतो. जुआदी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण शरीरात पीपार-अल्फा नसलेल्या उंदरांना एटोमॉक्सिर दिलं. हे औषध सीपीटी-१ चं दार बंद करतं. धडधाकट उंदरात यावर उतारा आपोआप सुरू होतो: मेदाम्लं साचली की पीपार-अल्फाला कळतं, तो एन्झाइमं वाढवतो, आणि प्राणी निभावून नेतो. पीपार-अल्फा नसलेल्या उंदरांत यकृत आणि हृदय चरबीने भरून गेलं, साखर कोसळली आणि सगळेच्या सगळे नर मेले. माद्यांपैकी मेल्या फक्त २५ टक्के. नरांना आधी दोन आठवडे इस्ट्राडायॉल दिलं तर तेही वाचले.

या निकालातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. या विषयात नर आणि मादी एकाच खात्यात टाकून सरासरी काढली तर निष्कर्ष बिघडतो. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरकडे मेदाम्लांच्या खर्चाची आपली स्वतंत्र वाट आहे, आणि ती पीपार-अल्फाची उणीव काही अंशी भरून काढते.

कुठलं मेदाम्ल रिसेप्टरला जागं करतं

हा प्रश्न साधा वाटतो आणि साधा नाही. रक्तात मुक्त मेदाम्लांचा पूर आलेला आहे, तर रिसेप्टरला जागं करणारीही तीच असतील, असं कुणालाही वाटेल. २००५ मध्ये सेंट लुइसलाच चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी वेगळा उंदीर घेतला. त्याच्या यकृतात नवीन मेदाम्ल बनवणारं फॅटी ॲसिड सिंथेझ नव्हतं, पीपार-अल्फा मात्र शाबूत होता. त्याला चरबीरहित खाद्य दिलं तेव्हा त्याची गत पीपार-अल्फा नसलेल्या उंदरासारखी झाली: साखर खाली, यकृतात चरबी. अंगच्या चरबीच्या साठ्यातून येणारी मेदाम्लं होती, पण त्यांनी रिसेप्टर जागा होईना. खाद्यात चरबी घातली किंवा पीपार-अल्फाचं औषध दिलं की उंदीर सुधारला. त्यावरून ‘नवी चरबी’ आणि ‘जुनी चरबी’ असा भेद मांडला गेला. नवी म्हणजे खाण्यातली किंवा यकृताने ताजी बनवलेली, जुनी म्हणजे साठ्यातली. २००९ मध्ये त्याच गटाने यकृतातला एक विशिष्ट फॉस्फोलिपिड रेणू खोबणीत बसलेला दाखवला.

तूलूझच्या गटाचे निकाल उलट बाजूला झुकतात. चरबीच्या पेशींतलं लायपोलिसिस, म्हणजे साठा फोडणं, वाढवलं तर यकृतातला पीपार-अल्फा चढतो, आणि चरबीच्या पेशींतलं एटीजीएल हे साठा फोडणारं एन्झाइम काढलं तर उतरतो. आम्हाला या दोन्हींत फार मोठा विरोध वाटत नाही. रक्तातून आलेलं मेदाम्ल थेट केंद्रकात जात नाही. ते सक्रिय होतं, थेंबात किंवा पडद्यात जातं, पुन्हा सुटतं, एफएबीपी-१ सारख्या वाहकावर बसतं, आणि मग कुठे केंद्रकाजवळ पोचतं. उपास किती तासांचा आणि आधीचं खाद्य कुठलं यावर वाटा बदलेल. ‘जुनी चरबी रिसेप्टरला कधीच जागं करत नाही’ हे वाक्य मात्र आता टिकत नाही.

हा प्रयोग बिघडतो कुठे

चोवीस तासांचा उपास ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात निम्मे घोळ आकडे वाचण्यापूर्वीच झालेले असतात.

उंदीर रात्री खातो. खाद्य सकाळी काढलं तर त्याने नुकतंच पोट भरलेलं असतं, संध्याकाळी काढलं तर सगळी रात्र उपाशी जाते. ‘सोळा तास उपास’ हा एकच शब्दप्रयोग या दोन पूर्ण वेगळ्या अवस्थांना लावला जातो. यकृतातल्या पीपार-अल्फाची धावपळ उपासातल्या रात्रीच्या सुरुवातीला सर्वाधिक असते, म्हणून दिवे जाण्याची वेळ धरूनच तास मोजावेत आणि लिहावेत.

पिंजऱ्यातला भुसा बदलायला हवा. त्यात खाद्याचे कण अडकलेले असतात आणि उंदीर ते शोधून खातात. विष्ठाही खातात, म्हणून जाळीचा तळ बरा. पण जाळीवर अंग गार पडतं. खोलीचं तापमान २२ अंश असेल तर उंदराच्या दृष्टीने ती थंडीच आहे, त्याला विनासायास ऊब राहते ती ३० अंशांच्या आसपास. पीपार-अल्फा नसलेला उंदीर २२ अंशांवर चोवीस तासांत मरणाच्या दारात जाऊ शकतो. दर काही तासांनी तापमान आणि साखर बघून कुठल्या आकड्याला प्रयोग थांबवायचा हे आधी ठरवलेलं असावं. एका पिंजऱ्यात चार उंदीर बिलगून बसले तर एकट्या उंदराशी त्यांची तुलना करू नये.

मुक्त मेदाम्लांची मोजणी ही सर्वांत नाजूक. नमुना हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात घेतला आणि टेबलावर राहू दिला तर नळीतच लायपेझ काम करत राहतं आणि आकडा फुगतो. हेपरिनऐवजी ईडीटीए, बर्फ, अर्ध्या तासात थंड सेंट्रिफ्यूज, आणि प्लाझ्मा लगेच गोठवणं, हा क्रम पाळावा. उंदराला धरताना झालेल्या झटापटीनेही ॲड्रेनॅलिन वाढून मेदाम्लं चढतात. म्हणून एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, दोन्ही गटांचे उंदीर आलटून पालटून घ्यावेत.

यकृताच्या चरबीसाठी पॅराफिनचा ठोकळा करून उपयोग नाही, कारण अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात आणि मागे नुसती भोकं उरतात. गोठवलेल्या यकृताचे आठ ते दहा मायक्रॉनचे काप आणि त्यावर ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग. तुकडा ट्रायग्लिसराइड मोजायला आणि आरएनएसाठीही वेगळा ठेवावा. उपासात पेशीतली पुष्कळ जनुकं हलतात, नेहमी संदर्भ म्हणून वापरली जाणारी काहीसुद्धा. संदर्भ जनुक उपासात स्थिर आहे ना, हे दोन्ही गटांत आधी तपासावं.

आणखी एक चूक वाचनातली. चोवीस तासांच्या उपासात धडधाकट उंदराच्या यकृतातही चरबी वाढते. ‘उपाशी उंदराचं यकृत चरबीयुक्त आढळलं’ एवढं लिहून पीपार-अल्फाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चरबी, कीटोन आणि मुक्त मेदाम्लं एकत्र वाचावीत. कीटोन भरपूर असतील तर ती मालाची आवक आहे. कीटोन नसतील तर तुंबारा.

माणसाकडे येताना

उंदरातला सगळा हिशेब माणसाला लागू होत नाही. पेरॉक्सिझोम भराभर वाढणं आणि यकृत मोठं होणं हे उंदीर-घुशींत दिसतं, माणसात नाही. पण माणसातही उपासाची यकृताची यंत्रणा हीच, आणि पीपार-अल्फा चढवणारी फेनोफायब्रेटसारखी औषधं अनेक वर्षांपासून दिली जातात. त्यांनी ट्रायग्लिसराइड उतरतात. भारतात अहमदाबादच्या झायडसने बनवलेलं सारोग्लिटाझार, जे पीपार-अल्फा आणि त्याचं भावंड पीपार-गॅमा दोन्हींना धरतं, २०१३ मध्ये मधुमेहातल्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी मंजूर झालं.

मात्र ही औषधं खाणारा माणूस उपाशी नसतो. त्याचं इन्शुलिन चढलेलं असतं, मॅलोनिल-कोएची तोटी बरीचशी बंद असते, एमटॉर चालू असतं. घेर वाढवला, तोटी तशीच. म्हणून गोळी घेतल्याने उपासाचं यकृत तयार होत नाही. पेमाफायब्रेट या पीपार-अल्फा चढवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०२२ मध्ये आली. मधुमेहाच्या १०,४९७ रुग्णांत ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी उतरले, हृदयविकाराच्या घटना मात्र कमी झाल्या नाहीत. आकडा उतरवणं आणि चयापचयाची दिशा बदलणं यांत अंतर आहे, आणि हे अंतर रुग्णाला आधी सांगणं हे औषध लिहिणाऱ्याचं काम आहे.

आपल्याकडच्या उपासाबद्दलही इथेच सांगायला हवं. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, बाकी काही नावापुरतं. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ, संध्याकाळी रताळं असा दिवस काढला तर इन्शुलिन पुन्हा पुन्हा चढतं आणि यकृतातली ही यंत्रणा जवळपास हलत नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण चयापचयाच्या दृष्टीनेही अचूक आहे. श्रद्धेने केलेला उपास ज्याच्या त्याच्या ठिकाणी. पण त्याने यकृतातली चरबी जळते अशा भरवशावर राहू नये. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

या उंदराचं खरं जवळचं नातं आहे ते मेदाम्लं जाळण्याच्या एखाद्या एन्झाइमचा जन्मजात अभाव असलेल्या लहान मुलांशी: सीपीटी-१ चा, एमसीएडीचा (मध्यम लांबीची मेदाम्लं कापणारं एन्झाइम), किंवा या प्रकरणातल्या त्याच एचएमजीसीएस-२ चा. मूल एरवी छान असतं. मग जुलाब-उलट्या होतात, दोन वेळा खात नाही, आणि पहाटे गुंगीत सापडतं. साखर खूप कमी, लघवीत कीटोन नाहीत किंवा नगण्य, यकृत हाताला मोठं लागतं. उपाशी लहान मुलाची साखर उतरली आणि कीटोन चढले नाहीत, तर तिथेच थांबून विचार करायला हवा, कारण धडधाकट मुलात ते चढतातच. इन्शुलिन जास्त असेल तरी कीटोन दबतात, पण मग मुक्त मेदाम्लंही दबलेली असतात. मेदाम्लं भरपूर आणि कीटोन नाहीत, म्हणजे मुक्त मेदाम्लांचं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटशी प्रमाण दोनच्या वर, हे चित्र त्या दुसऱ्या पिंजऱ्यातलंच.

हे चित्र फक्त त्या घडीला दिसतं. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) गेलं की अर्ध्या-एक तासात सगळे आकडे सावरतात आणि मूल खेळायला लागतं, जसा पुन्हा खाद्य मिळालेला उंदीर. म्हणून शीर सापडल्याबरोबर, डेक्स्ट्रोज जोडण्यापूर्वी, त्याच सुईतून रक्त घ्यावं: ग्लुकोज, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, मुक्त मेदाम्लं, इन्शुलिन, कॉर्टिसॉल, लॅक्टेट, अमोनिया, आणि कागदावर वाळवलेल्या थेंबांत ॲसिलकार्निटाइन (अर्धवट जळालेल्या मेदाम्लांची खूण). एचएमजीसीएस-२ च्या अभावात ॲसिलकार्निटाइन बऱ्याचदा काहीच सांगत नाही, म्हणून त्या एका तपासणीवर भिस्त ठेवू नये. पहिली लघवी राखून ठेवावी. रक्त निघायला वेळ लागत असेल तर थांबू नये, १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली द्यावं आणि पुढे सलाइनमधून ग्लुकोज चालू ठेवावं. आणि घरी सोडताना आईवडिलांच्या हातात एक कागद द्यावा: ताप आला, उलट्या झाल्या, खाणं सुटलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात यायचं, आणि तिथे हा कागद आधी दाखवायचा.